दिसली चाकोरी, घातली गाडी

मागच्या अंकात मी कॅलिफोर्नियाच्या सरकारी जंगलांत गाडी घालण्याबद्दल दोन पानं लिहिली होती. ओएचव्ही म्हणजे रस्त्यासाठी नसलेल्या गाड्या: डर्ट बाइक, चार चाकांची क्वाड, आणि शेजारी-शेजारी बसायची ती साइड-बाय-साइड. त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत शंका आहेत आणि उरलेल्या निम्म्यांत दीर, मेहुणा किंवा नवरा यांच्याविरुद्ध फिर्याद आहे. फिर्यादी मी सोडवणार नाही, पण त्यातली शंका वेगळी काढून उत्तर देतो.

नव्या वाचकांसाठी: कऱ्हाडला वडिलांचं गॅरेज होतं, राजदूत आणि येझदीच्या इंजिनांत माझं बालपण गेलं. आता प्लॅसरव्हिलजवळ राहतो आणि महिन्यातला एक शनिवार एल्डोराडोच्या जंगलात वाटा दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर फावडं मारतो. मी वकील नाही.

प्रश्न : जॉर्जटाऊनच्या वरच्या जंगलात मित्राची साइड-बाय-साइड घेऊन गेलो होतो. चांगली ठळक चाकोरी होती. फाटक नाही, ‘प्रवेश बंद’ची पाटी नाही. पाऊण मैल आत गेल्यावर रेंजरने गाठलं आणि दंडाची पावती हातात दिली. पाटीच नाही तर दंड कसला? कोर्टात भांडावं का? (एक वाचक, फ्रीमाँट)

उत्तर : भांडू नका. वेळ जाईल आणि वर हसं होईल.

तुमची चूक मला कळते, कारण ती आपल्या रक्तातली आहे. आपल्याकडे पाटी नसेल तर जागा मोकळी. पाटी असली तरी ती कुणी लावली ते आधी बघायचं, मग गाडी लावायची. इथल्या राष्ट्रीय जंगलांत हिशेब बरोबर उलटा आहे.

१९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एक आदेश काढला: सरकारी जमिनीवर या गाड्यांनी कुठे फिरायचं ते ठरवा, आणि ठरवताना माती, पाणी, जनावरं आणि बाकीची माणसं यांना कमीत कमी त्रास होईल असं बघा. पण पुढची तीसेक वर्षं अनेक जंगलांत ‘बंद म्हटलं नाही तोवर उघडं’ असंच चाललं. एकाने गाडी घातली, दुसऱ्याला तिचा माग दिसला, तिसऱ्याला ती वाट वाटली. २००५ मध्ये वनखात्याने नियमच बदलला. प्रत्येक जंगलाने कुठल्या वाटेवर, कुठल्या जातीची गाडी, वर्षाच्या कुठल्या महिन्यांत जाईल ते ठरवून नकाशावर छापायचं. नकाशावर आहे ती वाट उघडी, नाही ती बंद. जमिनीवर पाटी असो नसो, चाकोरी असो नसो. जवळ नकाशा ठेवणं ही जबाबदारी चालवणाऱ्याची.

या नकाशाचं नाव मोटर व्हेइकल यूज मॅप. रेंजरच्या कचेरीत फुकट मिळतो, फोनवरही उतरवून घेता येतो. (घरूनच उतरवा, वर रेंज नसते.) दिसायला अगदी रुक्ष: काळा-पांढरा, डोंगराचे चढ-उतार नाहीत, सुंदर जागांच्या खुणा नाहीत. सातबाऱ्यासारखा समजा. शेत किती देखणं आहे ते सातबारा सांगत नाही, कुणाचा हक्क किती तेवढं सांगतो. त्याच्यावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं की नियम मोडल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्या मानाने तुमची पावती किरकोळ असणार.

आणखी एक. रेघ दिसली म्हणजे झालं असं नाही, रेघेची जात बघायची. काही रस्ते फक्त नंबरप्लेटवाल्या गाड्यांना, तिथे हिरवा स्टिकर (रस्त्यासाठी नसलेल्या गाडीच्या नोंदणीची खूण) लावलेली क्वाड चालत नाही. काही वाटा फक्त ५० इंच आणि त्याहून अरुंद गाड्यांना. तुमच्या मित्राची गाडी ६० किंवा ६४ इंचांची असायची शक्यता दाट आहे. एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावून मोजा. विक्रेत्याच्या तोंडावर विसंबू नका.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे मी उंचावरून बोलतोय असं वाटणार नाही. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी असाच एका चाकोरीने गेलो आणि कुरणात उतरलो. जून महिना, वरून सगळं सुकं. पुढचं चाक आसापर्यंत रुतलं. दोन तास खणत होतो. बाहेर निघालो, घरी आलो, विसरलो. पुढच्या वसंतात दुरुस्तीच्या गटात नाव घातलं, तर म्होरक्या बाईंनी पहिल्याच शनिवारी नेलं ते नेमकं त्याच कुरणात. माझी चाकोरी तिथेच होती, आणि आता ती एकट्या माझी राहिली नव्हती. वीतभर खोल घळ झाली होती आणि तिच्यातून पाणी खळखळत चाललं होतं. बाई म्हणाल्या, बोटं घाल मातीत. घळीपासून दहा पावलांवर माती ओली, थंड, लोण्यासारखी. घळीच्या काठाला हात लावला तर भुगा. बांधाला उंदराने बीळ पाडलं की पाटाचं पाणी वाफ्यात न जाता तिकडूनच पळतं, तसं झालं होतं. एरवी गवताखालून पसरत झिरपणारं पाणी एका ओघळीत शिरून नदीकडे निघून जात होतं. दोन्ही बाजूंचं गवत एप्रिलमध्येच पिवळं. ओंडके आडवे टाकून, मधे माती भरून ते पाणी परत पसरवायला सहा माणसांना तीन शनिवार लागले. ती चाकोरी मी पाडली हे मी तिसऱ्या शनिवारी सांगितलं. बाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी तुझं तोंड बघूनच कळलं होतं.

अशा कुरणांपायी एल्डोराडोवर खटला झाला आणि २०१२ मध्ये कुरणांतून जाणाऱ्या ४२ वाटा कोर्टाच्या आदेशाने बंद झाल्या. काही नंतर उघडल्या, पण सगळ्या नाही. म्हणून तुमच्या रेंजरवर मी तरी रागावणार नाही. आपल्याकडे गॅदरिंगला आलेला प्रत्येक पाहुणा ‘चाकोरीबाहेर जा’ म्हणून सांगतो. जंगलात त्याचं ऐकू नका.

प्रश्न : जुनी २५० सीसी डर्ट बाइक घेतली आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी आत बारीक जाळी आहे. मित्र म्हणतो, काढून टाक, पिकअप वाढेल. काढू का? (एक वाचक, सॅक्रामेंटो)

उत्तर : जाळी काढू नका, मित्र बदला.

ती जाळी म्हणजे स्पार्क अरेस्टर. इंजिनातून काजळीचे तापलेले कण बाहेर उडतात. त्यांतले ०.०२३ इंचांहून मोठे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरासे वरचे कण अडवायचे किंवा चुरडायचे हे तिचं काम. त्याहून बारीक कण गवतावर पडेपर्यंत निवतो, मोठा निवत नाही. जंगलात ती नसलेली गाडी बेकायदा आहे. गस्तीवाले टॉर्च मारून बघतात, काही जण काडी घालून बघतात.

आता पिकअपचं. पिकअप मरतो तो जाळीमुळे नाही, जाळी तुंबल्यामुळे. माझ्या गाडीला मागे तीन स्क्रू आहेत, तुमच्या गाडीला वेगळे असतील. इंजिन थंड असताना ते काढा, जाळीची टोपी सावकाश बाहेर ओढा आणि खाली वर्तमानपत्र घेऊन हलकेच ठोका. चहाच्या भुकटीसारखी काळी पूड पडेल. पहिल्या वेळी एवढी पडेल की लाज वाटेल. मग तारेच्या ब्रशने आतून-बाहेरून घासा, उजेडाकडे धरून बघा. सगळी भोकं दिसायला हवीत आणि एकही फाटलेलं नको. फाटली असेल तर नवी घ्या, वेल्डिंगचं ठिगळ लावू नका. वडील येझदीचे सायलेन्सर असेच साफ करायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, “इंजिनाचं काही काम नव्हतं, नाक शिंकरलं फक्त.”

आवाजाचंही सांगून ठेवतो. कॅलिफोर्नियात १९८६ आणि त्यानंतर बनलेल्या अशा गाडीची मर्यादा ९६ डेसिबल आहे, धुराड्यापासून २० इंचांवर माइक धरून मोजतात. जाळी काढून पोकळ सायलेन्सर लावणारा गस्तीवाल्यांना आधी ऐकू येतो आणि मग दिसतो.

उन्हाळ्यात क्वाडवाल्यांनी आणखी एक करायचं: थांबाल तेव्हा वाकून पोटाखाली बघायचं. सुकं गवत एग्झॉस्ट आणि खालच्या पत्र्याच्या मधे जाऊन बसतं आणि शेकत राहतं. गाडी उघड्या मातीवर उभी करा, गवतावर नको. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस जवळजवळ नसतोच. २०२१ मध्ये कॅल्डोरच्या आगीने आमच्या भागातलं दोन लाख एकरांहून जास्त रान जाळलं. ती गाडीने लागली असं मी म्हणत नाही. पण पासपोर्ट आणि आईच्या पाटल्या पिशवीत भरून दाराशी ठेवून आम्ही रात्री काढल्या आहेत. तेव्हापासून कुणी जाळी काढायची भाषा केली की माझा तोल जातो. वर मित्राबद्दल जे लिहिलं ते म्हणूनच, आणि मागे घेत नाही.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. दिरांकडे मोठी क्वाड आहे. ते म्हणतात, माझ्या पुढ्यात बसू दे, मी सांभाळतो. सासूबाई म्हणतात, लहानपणी तुझा नवरा स्कूटरवर पुढे उभा राहूनच शाळेत जायचा. मी एकटी पडले आहे. (एक आई, सॅन होजे)

उत्तर : ताई, तुम्ही एकट्या नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे.

एकाच्या बैठकीच्या क्वाडवर सार्वजनिक जमिनीवर दुसरा माणूस बसवणं कॅलिफोर्नियात मना आहे, मग तो ११ वर्षांचा असो की ७०. सीट लांब दिसते म्हणून फसायला होतं. ती लांबी दुसऱ्यासाठी नसते, चालवणाऱ्याने पुढे-मागे सरकावं म्हणून असते. चढावर अंग पुढे टाकायचं, उतारावर मागे, वळणावर आतल्या बाजूला. स्कूटर हँडलने वळते, क्वाड निम्मी अंगाने वळते. पुढ्यात पोर बसवलं की काका पुढे झुकणार कसे? आणि चढावर गाडी उलटली तर आधी काका मागे पडतात, मग पोर त्यांच्यावर आणि गाडी दोघांवर.

मुलाला स्वतःला चालवायची हौस असेल तर त्याच्या वयाची छोटी क्वाड मिळते, वयाची चिठ्ठी गाडीवरच डकवलेली असते. काकांची मोठी गाडी १६ वर्षांच्या आत नाही. १८ च्या आतल्या मुलाला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, किंवा ते असलेल्या मोठ्या माणसाची समोरून देखरेख. १४ च्या आत असेल तर आई-वडील किंवा त्यांनी नेमलेला मोठा माणूस हजर हवा. हेल्मेट सगळ्यांनाच. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत याहून कडक आहे: १६ च्या आत क्वाड नकोच. मला विचाराल तर ११ व्या वर्षी त्याला माझ्याकडे पाठवा, जाळी साफ करायला शिकवतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या स्कूटरवर पुढे उभं राहून मीही वाढलो. एकदा पुढचे दोन दातही त्याच स्कूटरच्या हँडलवर ठेवून आलो.

प्रश्न : आम्ही दर रविवारी टेकड्या चढतो. या गाड्यांची धूळ आणि भोंगाट ऐकून वीट आला. यांना जंगलात येऊच का देतात? (निवृत्त दांपत्य, ऑबर्न)

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे. भोंगाटाला मीच कधीकधी शिव्या देतो.

का येऊ देतात, तर ती जमीन सगळ्यांची आहे आणि या गाड्यांचा पैसाही तिथे लागतो. १९७१ च्या कायद्यापासून कॅलिफोर्नियात यांच्या स्टिकरची फी वगैरे एका वेगळ्या निधीत जाते, त्यातून वाटांची डागडुजी, गस्त, पुनर्लागवड होते. गाड्यांना मोकळ्या असलेल्या ज्या वाटेवरून तुम्ही चालता, तिचा पूल कदाचित डर्ट बाइकवाल्यांनीच बांधला असेल. पण तुम्हाला शांतता हवी तर वर सांगितलेला नकाशा तुम्हीही घ्या आणि त्यावर जी वाट *नाही* तिकडे चाला. त्याचा तुम्हालाच जास्त उपयोग.

गाडीवाल्यांसाठी इथे एक गोष्ट लिहितो. चालणारा दिसला की वेग एवढा कमी करा की धूळ उठणार नाही. मागे आणखी गाड्या असतील तर तितकी बोटं दाखवा, शेवटचे तुम्हीच असाल तर मूठ. आणि घोडा दिसला तर थांबा, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा आणि बोला. हेल्मेटवाला माणूस घोड्याला माणूस वाटत नाही, आवाज ऐकला की पटतं. काय करायचं ते स्वारालाच विचारा, पुढे जाऊ की थांबू. मागे एकदा अरुंद कड्यावर एक तांबडी घोडी माझ्यासमोर कान मागे टाकून उभी राहिली. घाईत तोंडून मराठीच आलं, “काही नाही गं बाई, जा तू, जा निवांत.” तिचे कान पुढे आले. स्वारीण म्हणाली, तू काय म्हणालास ते मलाही शिकव.

प्रश्न : पहिला पाऊस पडला की चिखलात चालवायची मजा वेगळीच. डबकं आलं तर कडेने जावं की मधून? (एक वाचक, फॉल्सम)

उत्तर : मधून, आणि सावकाश. कडेने गेलात की पुढचा त्याहून कडेने जातो, आणि दोन मोसमांत वाटेचं मैदान होतं. पण त्याआधी हे बघा: टायरची नक्षी मातीत उमटून तिच्यात पाणी साचतंय का? साचत असेल तर मागे फिरा, मजा गेली तेल लावत. एल्डोराडोतल्या बहुतेक कच्च्या वाटा १ जानेवारी ते ३१ मार्च बंदच असतात, पाऊस लांबला तर बंदीही लांबते.

उतारावर वाटेत जे आडवे उंचवटे लागतात ते तुमच्या उड्यांसाठी नाहीत. पाणी वाटेवरून बाजूला काढायला ते फावड्याने घातलेले असतात, कुणाच्या फावड्याने ते आता तुम्हाला माहीत आहे. ओढा ओलांडायचा तो ठरलेल्या जागेवरूनच, समोरून सरळ. पात्रातून वर-खाली करायचं नाही.

घरी गेल्यावर गाडी धुता, तशी निघण्याआधीही धुवा. चिखलातून काय जातं ते डोळ्यांना दिसत नाही. राज्याच्या उत्तर टोकाला, ऑरेगॉनच्या सीमेवर, पोर्ट ऑरफर्ड सिडार नावाचं उंच झाड आहे. त्याच्या मुळांना कुजवणारा रोग टायरच्या चिखलातून एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जातो. त्यापायी तिथल्या काही वाटा पावसाळ्यात बंद ठेवतात. आमच्याकडे यलो स्टारथिसल आहे, गाजरगवताचा काटेरी भाऊ. त्याचं बी चेसिसमध्ये बसून फुकट प्रवास करतं.

प्रश्न : मी पुण्यात असतो, तुमचा लेख मावशीने पाठवला. आम्ही चार मित्र दोन ४×४ घेऊन साताऱ्याकडच्या पठारांवर जायचं म्हणतोय, फुलं संपल्यावर. तुमचे हे नियम पाळले तर चालेल ना? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही चालणार. इथले नियम उघड्या वाटेवर कसं वागावं याचे आहेत. तिकडे तशी वाट ठरवून, नकाशावर छापून दिलेली नाही. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा.

आणि ‘फुलं संपल्यावर’ म्हणजे काय? कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथे जांभ्या दगडावर मातीचा थर कुठे वीतभर, कुठे बोटभर. फुलं सुकली की त्यांचं बी आणि कंद त्याच थरात पडून पुढच्या जूनची वाट बघतात. तुम्ही चाक फिरवणार ते त्यांच्यावरूनच. कऱ्हाडहून पठारं बघायला जायचो तेव्हा एस.टी. जिथे सोडायची तिथून पुढे सगळे पायीच जायचे. दोन गाड्यांतून चौघांनी जायचं कशाला, एकीतून जा, डांबरावर लावा आणि चाला. ४×४ची खुमखुमी असेल तर मालकाच्या परवानगीने खासगी जमिनीवर आखलेले ट्रॅक आहेत, तिथे पोटभर रुता.

प्रश्न : सासरे भारतातून आले आहेत. त्यांना चढ झेपत नाही म्हणून ई-बाइक भाड्याने घेऊन जंगलातल्या पायवाटेवर नेणार आहे. तिला इंजिन नाही, म्हणजे हे सगळं लागू नाही ना? (एक वाचक, रोझव्हिल)

उत्तर : लागू आहे. राष्ट्रीय जंगलात वनखातं ई-बाइकला मोटारगाडीच धरतं, पेडल मारा नाहीतर न मारा. जिथे ई-बाइक चालेल असं ठरवलेलं नाही, त्या पायवाटेवर ती नेता येत नाही. निघायच्या आदल्या दिवशी रेंजरच्या कचेरीत फोन करून वाटेचं नाव सांगून विचारा. आणि सासऱ्यांना आधी पार्किंगमध्ये दोन चकरा मारू द्या. त्या सायकली ब्रेक सोडल्यावर नाही, पेडल दाबल्यावर दचकवतात.